हाडाच्या कडेनं

खांदा गोठला तेव्हा डॉक्टरांनी एक कागद दिला.
कागदावर रेघांचा माणूस,
बोटांनी भिंत चढणारा.
सातपूरच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत,
मीही महिनाभर भिंत चढले.

मग फुलेनगरला गेले, ठकूबाई पगाऱ्यांकडे.
बाराव्या दिवसापासून सव्वा महिना
दोन पायांच्या पन्हाळीत घेऊन
यांनीच मला उताणं-पालथं केलं होतं.
"पाठ कर," एवढंच म्हणाल्या.
ओळख पटल्याची खूण नाही.
मानेखाली अंगठा फिरत गेला, अडला.
"निरगुडेबाईंची धाकटी ना तू?
ह्याच अंगाला आखडायचीस तवाबी."

पितळी वाटीत कोमट तिळेल,
चुलीवर ओव्याची पुरचुंडी.
चोळताना त्या बोलत नाहीत,
माझा श्वास ऐकतात
आणि तो सुटला की पुढच्या मणक्यावर जातात.

त्यांची आई सुईण. आईची आई सुईण.
त्यापलीकडे नावं संपतात,
नुसते हात मागे मागे जातात.
ज्या घरांत माठाला शिवायची सोय नव्हती
त्या घरांतलं पहिलं रडं
याच तळव्यांवर पडलं.
बाळाची टाळू यांनी भरायची,
नाक यांनी ओढून सरळ करायचं,
बाळंतिणीची कंबर यांनी बांधायची,
आणि सव्वा महिन्यानं
मागच्या दारी, वरून टाकलेलं,
पदरात झेलायचं: एक खण, पायलीभर बाजरी.

ग्रंथांत सगळं आहे.
कोणत्या ऋतूत कोणतं तेल,
डोक्याला किती, तळपायाला किती,
जेवणाआधी की नंतर.
चोळणाऱ्यालाही एक शब्द आहे, संवाहक.
शब्द आहे. माणूस नाही.

त्यांची भाची प्रज्ञा कॉलेज रोडला जाते,
काळा अंगरखा, केसांना जाळी.
काचेच्या दारावर लिहिलंय: स्वीडिश, थाई, बाली.
ठकूबाईंनी एकदा विचारलं,
"मग आपल्या हाताचा देश कोंचा गं?"
प्रज्ञा म्हणाली, "पेठ रोड."
दोघी हसल्या, खोकला येईपर्यंत.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्यासोबत लेण्यांवर गेले.
दर वीस पायऱ्यांवर त्या थांबायच्या,
गुडघ्याला हात लावायच्या,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.
वर गार दगड, उदबत्त्या, पांढऱ्या साड्या.
भिंतीवर अक्षरं, झिजलेली.
माझ्याकडे एक माहितीपुस्तिका होती, तिच्यातून वाचून दाखवलं:
सतराएकशे वर्षांपूर्वी एका उपासिकेनं
इथल्या श्रेणींकडे पैसे ठेवले,
त्यांतली एक तीळ गाळणाऱ्यांची,
व्याजातून आजारी भिक्खूंना औषध मिळावं म्हणून.

"बाईनं?"
बाईनं.
"तेल्यांकडं?"
त्यांच्याकडेही.
त्या कोरलेल्या ओळीवरून
तर्जनी फिरवत गेल्या, वाचता येत नसताना,
पाठ तपासतात तशी.
शेवटी म्हणाल्या,
"पैशे दिले त्याचं लिवलं.
तेल काढलं त्याचं लिवलं.
त्या म्हाताऱ्या भिक्खूच्या पायाला
चोळलं कुनी, ते बघ बरं कुठं हाय का."

मी पुस्तिका उलटसुलट केली.
मागच्या पानावर बसचं वेळापत्रक होतं.

उतरताना मधेच त्या बसल्या, उठेनात.
खाली अंबडच्या कारखान्यांचे पत्रे तापून चमकत होते.
मी पिशवीतून त्यांचीच बाटली काढली,
त्यांचा पाय मांडीवर ओढला.
त्या आक्रसल्या. आजूबाजूला पाहिलं.
पंच्याहत्तर वर्षांत
हा पाय कुणाच्या मांडीवर गेला नव्हता.
टाचेच्या भेगांत तेल थांबेना, पिऊन टाकत होती टाच.
माझे अंगठे घाईत, चुकत, गुडघ्यावर दाब देत.

त्यांनी डोळे मिटले.
"हाडावर न्हाई," म्हणाल्या,
"हाडाच्या कडेनं."